चालक क्रमांक दोन

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा माझं मत कुणी विचारलं नाही. ते बरंच झालं, कारण मला मत नव्हतं. माहिती मात्र होती. तीन आठवडे मी दुसरं काही वाचलं नव्हतं.

चौतीस वर्षं मी नाशिकच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढायच्या, एवढंच काम. त्या कामाने माणसाला दोन सवयी लागतात. समोर आलेला कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचायचा, आणि आपल्या नजरेतून काहीतरी सुटलंच असणार असं धरून चालायचं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, सवयी तशाच आहेत.

माझा मुलगा निनाद सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पंपांच्या कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो. वय सेहेचाळीस. रोजचं जाणं-येणं सत्तर किलोमीटर. वेगवान गाडीचं वेड त्याला लहानपणापासून. आमची ऐपत आणि त्याचं वेड यांची गाठ आत्ता कुठे पडली होती. त्याची बायको ऋजुता सहकारी बँकेत शाखाधिकारी. माझी बायको शैला आठवड्यातून तीन दिवस ओझरला पेटी शिकवायला जाते आणि स्वतःची पेटी सोबत नेते, कारण तिथल्या पेटीचा काळी दोनचा स्वर तिला पटत नाही.

उंच गाड्या पहिल्या दिवशीच बाद झाल्या. त्यांत शैलाला मळमळतं.

"म्हणजे सेडान," निनाद म्हणाला. त्याला तेच हवं होतं.

"डिकीत पेटी आडवी बसली पाहिजे," शैला म्हणाली.

"सोसायटीच्या गतिरोधकाला पोट घासता कामा नये," ऋजुता म्हणाली.

"आणि शंभरचा वेग चार सेकंदांच्या आत," निनाद म्हणाला.

"शंभरला चार सेकंदांत पोचून करायचं काय?" ऋजुताने विचारलं. " द्वारका चौकात सिग्नलला जाऊन उभं राहायचं?"

मी तुलनेचा तक्ता केला होता. सात गाड्या, एकोणीस रकाने. तो मी कुणाला दाखवला नाही, पण जेवणाच्या टेबलावर राहिला आणि ऋजुताने वाचला. त्यातून तीन गाड्या उरल्या. त्या तिन्ही चालवून बघितल्या. शेवटचा निकाल शैलाने दिला. ती प्रत्येक वेळी मागच्या सीटवर मांडीत पातेलं घेऊन मटार सोलत बसायची. पहिल्या गाडीत दाणे पायाशी गेले. दुसरीत निम्मे. तिसरीत, तिचं नाव सारंग, निनादने महामार्गावर तिला पूर्ण पळवली, करकचून थांबवली, वळवली. पातेल्यातला एक दाणा बाहेर आला नाही.

"ही घ्या," शैला म्हणाली.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगायला हवं. मी शास्त्रज्ञ नाही, जे वाचून समजलं तेवढंच सांगतो. जुन्या गाडीत स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडी दांडा असतो. हात जेवढा फिरेल तेवढी चाकं फिरतात. हाताची चूकही जशीच्या तशी चाकांपर्यंत पोचते. सारंगमध्ये तो दांडा नाही. हाताचं मागणं तारेतून संगणकाकडे जातं आणि संगणक ते चाकांना कळवतो. मध्ये जी मोकळी जागा झाली, तिथे 'सहचालक' नावाची यंत्रणा बसवली आहे.

आपण काही करायचं ठरवल्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. पण हात वळण्याआधी बोटांचा दाब किंचित बदलतो, मांडीचा स्नायू ताणला जातो. स्टिअरिंगच्या कातड्याखाली आणि सीटमध्ये हे टिपणारे संवेदक आहेत. या माणसाला आता काय करायचं आहे, हे सहचालक त्यावरून ओळखतो, आणि हात कमी पडला तर उरलेलं स्वतः करतो. ब्रेक उशिरा लागणार असेल तर आधी लावतो. तुटक घेतलेलं वळण गोल करतो. हे इतकं बेमालूम होतं, की चालवणाऱ्याला वाटतं, सगळं आपणच केलं.

सव्वापाचशे अश्वशक्तीची गाडी घरगुती वापराला विकायची तर ही यंत्रणा बसवावीच लागते. तिच्यासोबत एक आकडाही येतो, स्वहिस्सा. महिनाभराच्या चालवण्यात शंभरापैकी किती भाग माणसाचा होता, तो आकडा. उरलेला सहचालकाचा. ऐंशीच्या वर असेल तर उत्तम. साठच्या खाली गेला तर काळजी. सत्तरीपुढच्या चालकाचा स्वहिस्सा लागोपाठ तीन महिने साठच्या खाली राहिला, तर परवान्याच्या फेरतपासणीची शिफारस होते. मी त्या वेळी एकाहत्तर वर्षांचा होतो. हा परिच्छेद मी दोनदा वाचला.

गुढीपाडव्याला गाडी ताब्यात मिळाली. शोरूममधल्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "चालक एकमध्ये कुणाचं नाव घालू?"

"बाबांचं," निनाद म्हणाला. "विलास चांदवडकर. मग माझं, मग ऋजुता."

त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे दारावरच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत घरातल्या मोठ्याचं नाव आधी लागतं. पूजा झाली, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. पहिला मान म्हणून मला स्टिअरिंगवर बसवलं. लिंबं चिरडून मी गाडी शोरूमच्या फाटकापर्यंत नेली. बाहेर एक बस, दोन रिक्षा आणि रस्ता ओलांडायचा की नाही ते ठरवत असलेली एक म्हैस होती. मी ब्रेक दाबून बसलो.

"तूच घे," मी निनादला म्हणालो.

नाशिकची माणसं नवी गाडी आधी वणीच्या गडावर, सप्तशृंगीच्या दर्शनाला नेतात. आम्हीही तिथेच गेलो. जाताना निनादने चालवली, येताना निनादनेच. वाटेत गाडी गोड आवाजात सूचना देऊ लागली तेव्हा ऋजुताने तिचा आवाज कायमचा बंद केला. "घरात बोलणारी माणसं पुरेत," ती म्हणाली. त्यानंतर गाडीत फक्त एक अंक दिसायचा. ही गाडी चेहऱ्यावरून किंवा चावीवरून नव्हे, हातांवरून माणूस ओळखते. स्टिअरिंग धरलं की पडद्याच्या कोपऱ्यात चालकाचा क्रमांक उमटतो आणि सीट आपोआप मागेपुढे होते.

शैलाच्या ओझरच्या दिवसांना निनाद कारखान्याच्या बसने जाऊ लागला. चार दिवसांनी तिला न्यायला मी पहिल्यांदा निनादशिवाय स्टिअरिंगवर बसलो, तेव्हा पडद्यावर आलं: नवे हात. चालक २? हो, नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आधी निनादने चालवली, नंतर मी. घरात तसाही मी दुसराच असतो. मी 'हो' दाबलं.

पुढचे नऊ महिने कसे होते ते लिहायला मला थोडा संकोच वाटतो. आयुष्यभर मी गाडी घाबरत चालवली. आमच्या जुन्या गाडीत ट्रकच्या मागे लागलो की ओझरपर्यंत ट्रकच्याच मागे राहायचो. सारंगमध्ये एकदा आडगावच्या पुढे मी पाय जरा जास्त दाबला. पाठ सीटला टेकली आणि ट्रक मागच्या आरशात छोटा झाला.

"अहो," शैला मागून म्हणाली, "हसताय की काय?"

"नाही."

"आरशात दिसतंय मला."

तिची पेटी डिकीत मापात बसायची. भाजी, बँक, दवाखाना, सगळीकडे मी गाडी नेऊ लागलो. वाचनालयात जायला चालत सात मिनिटं लागतात, तिथेही दोनदा नेली. हे सगळं सहचालक करतोय, अशी शंका मनात असायचीच. पण पुस्तिकेत लिहिलं होतं, की चालवणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून मी कळून घेण्याचा नाद सोडला होता.

महिन्याचा अहवाल निनादच्या मोबाइलवर यायचा, कारण गाडी त्याच्या नावावर. निनाद तो उघडत नसे. एक जानेवारीला सकाळी पोहे खाताना मात्र लाल पट्टीचा संदेश आला आणि त्याला उघडावा लागला. त्याने वाचला, मोबाइल उलटा ठेवला, आणि बराच वेळ पोह्यांतले दाणे बाजूला काढत बसला.

"काय झालं?" ऋजुताने विचारलं.

"काही नाही. बाबांचा स्वहिस्सा."

"किती?" मी म्हणालो.

"ऑक्टोबरला छप्पन, नोव्हेंबरला बावन्न, आता सत्तेचाळीस. फेरतपासणी करा म्हणतायत." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "पण तशी घाई नाही. तुम्हाला हवं तर आपण तपासणीला जाऊ. पास व्हाल तुम्ही."

"निम्म्याहून जास्त गाडी गाडीनेच चालवली," मी म्हणालो.

"असं नाही बाबा."

"सत्तेचाळीस म्हणजे तसंच."

मला धक्का बसला नाही. कुणीतरी अखेर माझं खरं काय ते सांगितलं, असंच वाटलं. तपासणीला जायचं, तिथल्या तरुण अधिकाऱ्यासमोर चुकायचं, त्यापेक्षा आपणच थांबावं. मी म्हणालो, "मी नाही चालवणार आता." निनादने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ऋजुताने आणखी पोहे वाढले. शैला उठून पेटी पुसायला गेली.

शैलाचे ओझरचे तीन दिवस शनिवारच्या एका दिवसावर आले. तेवढं ऋजुता सोडायची. बाकीच्या दोन दिवसांच्या मुलींना तिने सांगितलं, की सध्या जमत नाही.

"रिक्षाने जा ना," मी म्हणालो.

"पेटी मांडीवर घेऊन? गुडघे बघितलेत माझे?" मग जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही चालवायचात तेव्हा मला झोप लागायची. निनादच्या गाडीत लागत नाही."

"गाडी एकच आहे."

"हो ना. म्हणून सांगतेय."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. बायका नवऱ्याचं मन राखायला काही बोलतात, असं मी धरून चाललो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गाडीला वर्ष होत आलं. विम्याचे कागद आले. घरातला कुठलाही कागद सहीनंतर आणि पाठवण्यापूर्वी माझ्याकडे येतो. ऋजुता म्हणते, बाबांच्या डोळ्यांखालून गेलं की बँकेलाही चूक सापडत नाही. त्या गुरुवारी दुपारी मी विम्याचा फॉर्म घेऊन बसलो. मागे बारा महिन्यांचा तक्ता जोडलेला होता. चालकाचं नाव, महिना, किलोमीटर, स्वहिस्सा.

चालक १, विलास चांदवडकर. जानेवारी: एक हजार आठशे दहा किलोमीटर. फेब्रुवारी: एक हजार सातशे चाळीस. स्वहिस्सा त्रेचाळीस.

चालक २, निनाद चांदवडकर. जानेवारी: शून्य. फेब्रुवारी: शून्य.

जानेवारीपासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता.

आता मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगितलं तर लोक हसतील. मला वाटलं, मी गाडी घेऊन जातो आणि विसरतो. मी स्वयंपाकघरात गेलो.

"शैला, मी घरातून कुठे जातो का? म्हणजे तुला न सांगता?"

ती कोथिंबीर निवडत होती. "तुम्ही?"

"गाडी घेऊन."

"पाणी प्यायला उठलात तरी तुम्ही दाराला धडकता. गाडी काढाल आणि मला कळणार नाही? काय झालंय?"

"काही नाही. एक आकडा जुळत नाहीये."

मी गाडीची पुस्तिका काढली. दोनशे चौदा पानं. घेतली तेव्हा मी ती वाचली होती, पण शेवटची परिशिष्टं बारीक टायपात होती आणि तेव्हा माझा चष्मा दुरुस्तीला होता. परिशिष्ट चारमध्ये होतं: 'पहिले दोन किलोमीटर चाचणीचे समजून वगळले जातात. त्यानंतरच्या चाळीस किलोमीटरांत स्टिअरिंगवर असलेले हात चालक १ म्हणून कायम नोंदले जातात.'

माझी लिंबं दोन किलोमीटरांत गेली. चाळीस किलोमीटर वणीच्या रस्त्यावर गेले.

फॉर्मवर पहिलं नाव माझं होतं, पण पहिले हात निनादचे. गाडीत तो बसला की 'एक' दिसायचा. त्याला ते साहजिक वाटलं. मी बसलो की 'दोन' दिसायचा. मलाही ते साहजिक वाटलं. दोघांपैकी कुणाला शंका आली नाही. चालक दोनच्या रकान्यात, निनादच्या नावासमोर, मी चालवलेल्या नऊ महिन्यांचा स्वहिस्सा होता. चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. चौऱ्याऐंशी. डिसेंबरमध्ये सत्त्याऐंशी.

मला आनंद व्हायला हवा होता. मी चालक एकचा रकाना वरून खाली पुन्हा वाचला. एप्रिल: एकाहत्तर. मे: एकाहत्तर. जुलै: सहासष्ट. मग छप्पन, बावन्न, सत्तेचाळीस. आता त्रेचाळीस.

मग मी फॉर्मवरची निनादची सही बघितली. फाइलमधून गेल्या वर्षीचा फॉर्म काढून शेजारी ठेवला. अक्षरांचं माप ओळखणं हे माझं काम होतं. गेल्या वर्षीची सही बारा पॉइंटची असेल. या वर्षीची जेमतेम सातची. तीही ओळीच्या शेवटी आणखी बारीक होत गेलेली, 'चांदवडकर'मधला शेवटचा 'र' म्हणजे नुसती टाचणी. वळण तेच, माणूस तोच. माझ्या डोळ्यांदेखत वर्षभर ती लहान होत गेली होती. दुधाच्या यादीवर, कुरिअरच्या पावतीवर. मी प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचला होता आणि हे वाचलं नव्हतं.

संध्याकाळी मी शैलाला विचारलं, "निनादच्या हाताला काही झालंय का?"

"कुठल्या? उजव्या?" ती लगेच म्हणाली. म्हणजे तिने बघितलं होतं. "खिशात घालून चालतो हल्ली. मी विचारलं, तर म्हणाला स्टाइल आहे."

मी तिला तक्ता दाखवला. तिने तो समजून घेतला, एकच प्रश्न विचारला, आणि ओला हात पदराला पुसत राहिली.

"तुम्ही सांगा त्याला," ती म्हणाली.

"मीच का?"

"मी सांगितलं तर आई काळजी करते म्हणेल. तुम्ही कागद दाखवाल."

मी शुक्रवार घालवला. खरं सांगायचं तर मी दुसरा रस्ता शोधत होतो. हा आकडा माझ्या नावावर आहे तो तसाच राहू द्यावा. म्हाताऱ्याच्या नावावर शोभतो. तोपर्यंत निनादला काहीतरी निमित्त काढून डॉक्टरकडे न्यावं. कदाचित पुस्तिकेत चूक असेल. कदाचित गाडीत असेल. माझ्या वाचण्यात असण्याची शक्यता तर सगळ्यांत जास्त.

शनिवारी जेवताना निनाद खुशीत होता. दुसऱ्या दिवशी पाडवा, गाडीला वर्ष पूर्ण.

"मुभा आली बघ," त्याने ऋजुताला मोबाइल दाखवला. "उद्या गडावर सहचालक बंद करून चालवणार. नांदुरीपासून वर, पूर्ण घाट. नुसती गाडी आणि मी."

पहिलं वर्ष सहचालक बंद करता येत नाही. वर्ष झालं की गाडीच्या मालकाला ती मुभा मिळते. चालवणार कोण, ते त्यात विचारत नाहीत. नियम करणाऱ्यांच्या नजरेतूनही काहीतरी सुटतं.

"माझी ओटी सांडली ना देवीच्या आधी, तर बघ," ऋजुता म्हणाली.

"एक तांदूळ सांडणार नाही. वर्षभर चालवतोय. तिचा आणि माझा हात आता एक झालाय."

शैलाने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली. निनाद गुढीला हार बांधत होता. गाठ बसेना, तेव्हा ऋजुताने सहज हातातून घेऊन बांधली. तो हात खिशात घालून बाजूला झाला. ते बघून मी तक्ता आणि दोन्ही फॉर्म घेतले, जिना उतरलो, आणि गाडीत स्टिअरिंगवर जाऊन बसलो. खाली गाडी पुसून, झेंडूची माळ घालून तयार होती.

तो आला तेव्हा मी काच खाली केली.

"बाबा? हौस आलीय का? बसा, बसा. फोटो काढू."

"आधी इकडे ये. शेजारी बस."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. तो बसला. मी स्टिअरिंग धरलं आणि कोपऱ्यातल्या अंकाकडे बोट दाखवलं. दोन.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुम्ही दोन. मी एक."

"आता हे बघ." मी तक्ता दिला. "इथे एक कोण आहे?"

तो वाचू लागला. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, पुसलेल्या काचेतून सोसायटीचं फाटक बघत होतो. जानेवारीपाशी तो थांबला असणार, कारण कागद हलायचा थांबला. मग पुन्हा हलू लागला. त्याने तो डाव्या हातात घेतला.

"लिंबं," शेवटी तो म्हणाला.

"हो. आणि मग वणी."

"म्हणजे मी तुम्हाला अडीच महिने घरी बसवलं."

"मला घरी बसायला आवडतं."

तो हसला, पण अर्धाच. मी त्याला सह्या दाखवल्या. हे करायला नको होतं की काय, असं दाखवतानाच वाटलं. त्याने दोन्ही फॉर्म एकमेकांवर धरले, बाजूला केले.

"हात काय म्हणतो?" मी विचारलं.

"जड होतो," तो म्हणाला. "शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. कारखान्यात फळ्यावर लिहायचं टाळतो मी, मुलं म्हणतात साहेबांचं अक्षर दिसत नाही." त्याने डॅशबोर्डवर बोट टेकवलं. "पण इथे नाही बाबा. गाडीत बसलो की काही होत नाही. सगळं पहिल्यासारखं. सिन्नरच्या रस्त्याला लागलो की वाटायचं, छे, मला काही झालेलं नाही. मुद्दाम लांबून यायचो कधी कधी."

यावर बोलण्यासारखं नंतर बरंच सुचलं, ते इथे लिहून उपयोग नाही.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणालो. "मेंदूच्या. ऋजुताला मी सांगू का तू सांगतोस?"

"मी सांगतो. गडावरून आल्यावर." मग तो म्हणाला, "ती नावं उलटी झालीयत, ती सरळ करता येतात का?"

"पुस्तिकेत पान एकशे नव्वद. गाडीतच करता येतं. पण तसं राहिलं तरी चालेल. माझ्या वयाला तो आकडा..."

"बाबा." त्याने तक्ता माझ्या मांडीवर ठेवला. "करा दुरुस्त. तुमचंच काम आहे ते."

तेवढ्यात शैला आणि ऋजुता खाली आल्या. ऋजुताच्या हातात ओटीचं ताट. तिने आम्हाला बघितलं, मी स्टिअरिंगवर, नवरा शेजारी. तिने काही विचारायला तोंड उघडलं. शैला तिला म्हणाली, "बस मागे. आज ते चालवतायत."

मी पान एकशे नव्वदप्रमाणे पडद्यावर आत आत गेलो. चालकांची नावं. अदलाबदल. माझं नाव खाली आलं, निनादचं वर गेलं. मग पडद्यावर प्रश्न आला: खात्री आहे का?

हा प्रश्न मला छापखान्यात दिवसातून दहा वेळा विचारला जायचा, आणि दर वेळी मी पान परत मागून घ्यायचो. निनाद बघत होता. मी 'हो' दाबलं.

मग सहचालक चालू असल्याची खूण बघितली, आरसे बघितले, पुन्हा बघितले, आणि गाडी फाटकाबाहेर काढली. दिंडोरीच्या पुढे रस्ता मोकळा झाला. द्राक्षांच्या गाड्या वाटेत होत्या, मी त्यांच्या मागे राहिलो. मागून शेंगा सोलल्याचा आवाज येत होता. पाडव्याच्या दिवशीही शैलाने पातेलं आणलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "पाचशे घोडे आहेत ना या गाडीला? मग एक तरी सोडा की."

मी पाय दाबला. द्राक्षांची गाडी मागे पडली. समोर सप्तशृंगीचा डोंगर दिसू लागला. मी एकदाच डावीकडे बघितलं. निनादने उजवा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला होता. तो हलत होता, आणि निनाद त्याच्याकडे बघत होता.